काज म्हणजे घर

मी आठ वर्षांची असेन. पौष महिना होता. सोलापुरात गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती आणि अण्णांच्या दुकानात पांढऱ्या कापडाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांबरोबर चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. त्या दिवसांत अण्णा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनवर बसलेले असायचे. एका सकाळी चार बाराबंद्या पोचवायला ते एका वाड्यात निघाले, तशी मीही त्यांच्यामागे लागले.

ओसरीवर घरातले आजोबा सोवळं नेसून उभे होते. पूजेला बसायच्या बेतात होते. अण्णा गठडी घेऊन पुढे झाले तसे ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "तिथंच ठेवा मास्तर. शिवू नका."

अण्णांनी गठडी पायरीवर ठेवली, हात जोडले, आणि आम्ही निघालो. कोपऱ्यावर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, शिवू नका म्हणतात, मग शिवायला दिलंच कशाला?"

अण्णा हसले नाहीत. बरंच चालून झाल्यावर म्हणाले, "ते शिवणं वेगळं, बाळ. आपलं शिवणं वेगळं."

मला काही ते वेगळं वाटेना. सुईदोऱ्यानं जोडणं तेही शिवणं आणि हातानं स्पर्श करणं तेही शिवणं. पुढे शिकल्यावर कळलं की या दोन शब्दांची मुळं खरोखरच वेगवेगळी आहेत. पण सोवळ्याच्या नियमात ते दोन्ही एका जागी येतात. सोवळ्यातल्या माणसाला कुणी शिवायचं नाही, आणि त्यानंही शिवलेलं वस्त्र घालायचं नाही. धोतर, उपरणं, मुकटा, कद, जे असेल ते मागावरून उतरलं तसं अखंड हवं. आठ वर्षांच्या पोरीनं यातून एवढंच उचललं की माझ्या वडिलांच्या हातून जे होतं, ते देवापुढे चालत नाही.

आज मी अडुसष्ट वर्षांची आहे. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. किती मुलींच्या हातून काजं करून घेतली आणि बटणं लावून घेतली, त्याला मोजदाद नाही. त्या सकाळचा प्रश्न मात्र मनातून कधी गेला नाही. देवापुढे शिवलेलं का नको?

या नियमामागचा विचार मी कधीच टाकाऊ मानला नाही. मागावरून उतरलेल्या कापडाला पुढा नसतो, पाठ नसते, गळा नसतो, बाही नसते. एकच धोतर बारीक माणसाला बसतं, लठ्ठालाही बसतं, बापाचं मुलाला बसतं. शिंप्याची कात्री लागली की कापड कुणातरी एकाचं होतं. अमक्याचा सदरा, तमकीची चोळी. देवापुढे उभं राहताना 'मी अमका' हे बाजूला ठेवावं असं ज्यांना वाटलं, त्यांनी न कापलेलं वस्त्र निवडलं. त्यांचं म्हणणं मला कळतं. त्यात शुचितेच्या नावाखाली माणसाला लांब ठेवण्याची जी रीत मिसळली, ती मात्र मला कधी कळली नाही, आणि कळून घ्यायचीही नाही.

आमच्या दुकानाला लागून एका मुसलमान शिंप्याचं दुकान होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. अण्णा आणि ते एकमेकांची सुई, कात्री, रीळ, सगळं वापरायचे. चाचा म्हातारपणी हजला गेले. तिथं पुरुषांना एहरामची दोन पांढरी वस्त्रं असतात, एक नेसायचं, एक पांघरायचं. शिवण नाही, बटण नाही. परत आल्यावर ते दुकानाच्या फळीवर बसून अण्णांना सांगत होते आणि मी तुरपाई करत ऐकत होते. "मास्तर, पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि अल्लाच्या घरी दोन चादरींत गेलो. तिथं कुणी कुणाचं माप घेत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाचा, आपल्या दोघांच्या देवांना आपला धंदा माहीत नाही असं कसं होईल?"

दोन धर्मांचे दोन शिंपी आणि त्यांचा प्रश्न एकच, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पुढे मी बघत गेले तसं लक्षात आलं की फक्त पूजेचं नाही. आयुष्याच्या दोन्ही टोकांना बटण नसतं. बाळ जन्मलं की त्याला बंदांचं झबलं घालतात. बटण अंगाला टोचतं, बाळ ते तोंडात घालतं, म्हणून नको. माणूस गेला की त्याला अखंड पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि कमरेचा करदोडासुद्धा तोडतात. मुसलमानांचं कफन न शिवलेलं. ज्यूंच्या प्रेतवस्त्राला खिसा नसतो, बटणही नसतं. म्हणजे बटण येतं ते मधल्या भागात. शाळेच्या गणवेशाबरोबर येतं आणि शेवटच्या सदऱ्याबरोबर जातं. ज्या वर्षांत माणूस कमावतो, चिडतो, लेकरं वाढवतो, कुणाचं तरी ऐकतो, कुणावर तरी रुसतो, ती सगळी वर्षं बटणांची. आपल्याकडे त्याला गृहस्थाश्रम म्हणतात.

एवढीशी चकती. पण जगातल्या धर्मांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलेलं नाही. रोमन कॅथलिक पाद्र्यांच्या लांब झग्याला समोर तेहतीस बटणं लावायची जुनी प्रथा आहे, ख्रिस्ताच्या आयुष्याची तेहतीस वर्षं म्हणून. सकाळी झगा चढवताना एकेका बटणाबरोबर एकेक वर्ष. गोव्यात ज्यांचं शव जपून ठेवलं आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियरांच्या जेझुइट संघाचा पारंपरिक झगा मात्र बटणांशिवाय, कमरपट्ट्यानं आवळलेला. अमेरिकेत आमिश नावाचा साधेपणानं राहणारा ख्रिस्ती पंथ आहे. १६९३ मध्ये युरोपात पडलेल्या फुटीतून तो वेगळा झाला. त्यांच्यातले कर्मठ पुरुष आजही कोटाला बटण न लावता हुक लावतात. बटण म्हणजे दिखाऊपणा आणि सैनिकाच्या गणवेशावरची चकाकी, आणि युद्ध नाकारणाऱ्याच्या छातीवर ती नको, असं त्याचं कारण सांगतात. युरोपातल्या त्यांच्या पूर्वजांमध्ये हुकवाले आणि बटणवाले अशी गटांची नावंच पडली होती. आपल्याकडेही हे होतंच. मुघल काळातल्या चित्रांत जाम्याचा बंद डाव्या बगलेखाली दिसला तर माणूस हिंदू आणि उजव्या बगलेखाली दिसला तर मुसलमान, असं जाणकार ओळखतात. छातीवर काय बांधायचं आणि कुठल्या बाजूला, यातून माणसं स्वतःचा देव सांगत आली आहेत.

मग तो देव स्वतः काय घालतो?

हा प्रश्न मला सुचला तेव्हा मी तिशीत होते. रामनवमीला आमच्या गल्लीतल्या देवळात पाळण्यातल्या रामासाठी अंगडं-टोपडं शिवायचं काम दरवर्षी आमच्या घरी यायचं. त्या वर्षी आईचे डोळे अधू झाले होते, म्हणून मी शिवायला बसले. वीतभर कापड. त्याला गळा, दोन इवल्या बाह्या, पाठीला बंद. माप घ्यायला मूर्ती हातात घेतली आणि माझा हात थांबला. मी देवाचं माप घेत होते. त्या मापानं मी कापड कापणार होते, आणि बारा वाजता सूर्य डोक्यावर आला की माझं शिवलेलं अंगडं घालून राम पाळण्यात निजणार होता. गावातल्या सगळ्या बायका त्याला ओवाळणार होत्या.

मग एकेक आठवत गेलं. पंढरपूरला विठोबाला पोशाख करतात त्यात अंगी असते. थंडीच्या दिवसांत त्याला उबदार कपडे घालतात, कानपट्टी बांधतात. देवाला थंडी वाजेल या काळजीनं कुणीतरी सुई हातात घेतलेली असते. आणि अण्णांनी त्या वाड्याच्या पायरीवर ठेवलेल्या त्या चार बाराबंद्या? त्या घालून त्याच घरातली माणसं सिद्धेश्वरांच्या मिरवणुकीत चालणार होती. संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळ्याला उभी राहणार होती. सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी. त्यांनी संसार केला नाही. त्यांच्यावर मन जडलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला अशी कथा आहे, आणि ते लग्न सोलापूर दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास नव्यानं लावतं. त्या लग्नात टाकतात त्या अक्षता, म्हणजे न तुटलेले तांदूळ. पण त्या टाकणाऱ्या हातांवर बाह्या असतात कापून शिवलेल्या. अखंड आणि शिवलेलं, दोन्ही त्या अंगणात एका वेळी असतं. देव कुणालाही परत पाठवत नाही.

निर्गुण आणि सगुण हा वाद मी कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आले. मला तो कापडावरून समजला. निर्गुण म्हणजे मागावरचं कापड. सगळ्यांचं आहे म्हणून ते कुणा एकाचं नाही. सगुण म्हणजे शिवलेला कपडा, एकाच्याच अंगाला बसणारा. आपल्या संतांनी दोन्हींपुढे मान लवली आणि प्रेम करायला मात्र सगुण मागून घेतलं. प्रेमाला माप लागतं.

अण्णांची मापाची वही होती. लांब, लाल कापडी बांधणीची. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. छाती, कंबर, बाही, गळा, आणि कडेला बारीक अक्षरात अण्णांच्या खुणा. एका पानावर 'डावा खांदा अर्धा इंच खाली' असं होतं. त्या गृहस्थांना स्वतःचा खांदा उतरता आहे हे कदाचित ठाऊकही नसेल. अण्णांनी ते त्यांना कधी सांगितलं नाही. दर वेळी त्या बाजूला आतून कापडाची एक जास्तीची घडी द्यायचे, आणि सदरा दोन्ही खांद्यांवर सारखा बसायचा. माणसाचं उणं पाहायचं, ते जगाला न दाखवता आतून सांभाळून घ्यायचं, आणि त्याला ताठ चालू द्यायचं, याहून देवपण वेगळं काय असतं? देव अशी वही ठेवत असेल तर मला अशाच देवाची गरज आहे. चाचा म्हणाले तसं त्याच्या घरी कुणी माप घेत नसेलही. पण तिथवर पोचेपर्यंत जगायचं असतं, आणि जगताना प्रत्येकाचा खांदा वेगळा असतो.

आमच्या समाजाचे संत म्हणजे नामदेव. हिंगोलीजवळच्या नरसीचे, १२७० मध्ये जन्मलेले. शिंपी. विठ्ठलाशी लेकरासारखे भांडणारे. पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांनी त्यांना दाखवलं की देव नाही अशी जागा नाही. म्हणजे नामदेव शिवलेल्यापासून अखंडापर्यंत गेले. पण गेल्यावर त्यांनी सुई टाकून दिली नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत, आणि त्यांतल्या एका पदात नामस्मरण सांगताना ते गज, कात्री, सुई आणि धागा हीच आपली हत्यारं पुढे करतात. हे मला कळलं तेव्हा मी अण्णांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "मग? देवापुढे आपण दुसऱ्याची हत्यारं कशाला न्यायची?"

त्या पदात बटण नाही. तेव्हाचे कपडे बंदांनी आवळायचे. आपल्या भाषेत गुंडी आणि बिरडं हे शब्द जुने. कापडाची गोळी आणि तिला अडकवायला फासा. शर्टाचं काज आणि त्यातलं बटण हे आपल्याकडे नंतर रुळलं. पण बटणासारखी वस्तू फार जुनी आहे. मोहेंजोदडोत शिंपल्याच्या, भोकं पाडलेल्या चकत्या मिळाल्या आहेत, चार हजार वर्षांहून जुन्या. त्या बहुधा शोभेसाठी होत्या. कापडाला चिरून, कडा बांधून घट्ट काज करायची कल्पना युरोपात तेराव्या शतकात रुळली. म्हणजे माणसाला बटण सुचल्यावर त्याला राहायला जागा सुचेपर्यंत हजारो वर्षं गेली. वस्तू घडवणं आपल्याला लवकर जमलं. तिच्यासाठी रिकामी जागा सोडणं फार उशिरा जमलं.

त्या रिकाम्या जागेचं नाव मला फार आवडतं. काज हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'काझा' या शब्दाचा अर्थ घर, आणि बटणाच्या भोकालाही ते काझाच म्हणतात. बटणाला त्यांचा शब्द 'बोतांव', कोकणीतलं बुतांव त्यावरूनच, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ कळी. काज करताना मी शाळेत मुलींना हे सांगायची. कळी घरात येते आहे, तेव्हा घराचा उंबरा नीट बांधा.

आता माझ्या नातवाला बटण म्हटलं की भिंतीवरचं आठवतं. दिव्याचं, पंख्याचं, लिफ्टचं. त्या बटणाला काज नसतं. त्याला दाबायचं, ते हुकूम पोचवतं, आपण निघून जातो. सदऱ्याचं बटण दाबून चालत नाही. त्याला तिरकं करून, वाट देऊन, पलीकडून हलकं ओढून घ्यावं लागतं. पाचव्या वर्षी नातू ते शिकला तेव्हा त्याची जीभ दातांत धरलेली होती. कुणाच्या घरात शिरायचं तर तेवढी आर्जवं करावी लागतातच.

आई नगावर काजं करून द्यायची. मशीनची काजं स्वस्त झाल्यावरही काही गिऱ्हाइकं हातकाजच मागायची. आधी खूण. खुणेची लांबी बटणाच्या रुंदीएवढी आणि त्यात बटणाच्या जाडीची भर. मग पात्यानं एक सरळ चीर. मग मेण लावलेल्या दोऱ्यानं चिरेच्या कडेला एकाला एक लागून टाके, प्रत्येक टाक्याला कडेवर बारीक गाठ, आणि दोन्ही टोकांना आडवा बंद. ती चीर म्हणजे कापडाला केलेली जखम. नुसती सोडली तर उसवत जाईल. टाके घालून कडा बांधली की तिचं दार होतं. आईला अध्यात्म कुणी शिकवलं नव्हतं. पण तिच्या आयुष्यात दोन लेकरं गेली, आणि त्यानंतर तिच्या हातची काजं आणखी घट्ट झाली, असं अण्णा एकदा मला म्हणाले. ती चीर तिनं कधी शिवून बंद केली नाही. कडा बांधल्या. शेजारची, गल्लीतली, कुणाचीही पोरं त्या दारातून आत येऊन तिच्या ताटात जेवायची.

अण्णांनी मला बटण लावायला शिकवलं ते आगकाडी घेऊन. बटणावर काडी आडवी ठेवायची आणि टाके तिच्यावरून घ्यायचे. मग काडी काढून घ्यायची, बटण वर ओढायचं, आणि खाली जो सैल दोरा राहतो त्याला तोच दोरा गोल गुंडाळून मान करायची. "बटण कापडाला चिकटवून लावलं तर काजाला राहायला जागा उरत नाही," ते म्हणायचे. "मग कापड गोळा होतं, आणि कधीतरी बटण कापड घेऊन तुटतं. काडीएवढं अंतर ठेव."

आसक्ती आणि विरक्ती यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. काडीएवढ्या अंतराइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही. माझ्या लेकीच्या लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी हे अंतर ठेवलं नाही. रोज फोन, रोज विचारणा, रोज सल्ला. एका दिवाळीला ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला ते गोळा झालेलं कापड दिसलं. त्यानंतर मी काडी ठेवायला शिकले. प्रेम कमी झालं नाही. त्याला मान आली.

आपली शास्त्रं बंधनाबद्दल बोलताना बहुतेक गाठीबद्दल बोलतात. मुंडकोपनिषदात हृदयाची ग्रंथी भेदली जाण्याची गोष्ट आहे. गाठ बसली की बसली. ती सोडवता आली तर ठीक, नाहीतर तोडायची. म्हणून मोक्ष म्हणजे तोडणं असं आपल्या मनात बसलं, आणि ज्याला तोडता येत नाही तो संसारी माणूस खालच्या पायरीचा ठरला. पण संसारी माणसाच्या छातीवर रोज गाठ नसते, बटण असतं. ते सकाळी लागतं आणि रात्री उघडतं. लागलेलं असताना ते वाऱ्यापावसात सुटत नाही. उघडताना काही फाटत नाही. ना काज दुखावतं, ना दोरा. मला वाटतं, गृहस्थाची साधना हीच. बंधनच नको असं त्यानं म्हणायचं नाही. बंधन असं बांधायचं की धरलं तर घट्ट राहील आणि वेळ आली की कुणाला इजा न होता उघडेल.

हे लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. आईच्या बटणांच्या डब्यात शिंपल्याची बटणं होती. जुनी, जड, गालाला लावली तर गार. उन्हात धरली की त्यांत गुलाबी-हिरवं हलायचं. मराठीत शिंपी म्हणजे कपडे शिवणारा आणि शिंपी म्हणजे शिंपलाही. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. पुढे वाचलं की अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या मस्कटाइन गावात १८९१ मध्ये एका जर्मन कारागिरानं नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. १९०५ च्या सुमारास ते एक गाव वर्षाला दीड अब्ज बटणं काढत होतं, जगातल्या बटणांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. नळीसारख्या करवतीनं शिंपल्यातून चकत्या कापत. उरलेल्या शिंपल्याला नुसती गोल गोल भोकं. नदीतले शिंपले संपत आले. आपल्याकडे बिहारमध्ये चंपारणातल्या मेहसीतही नदीच्या शिंपल्यांची बटणं करण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालला. शिंपला हे एका जिवाचं घर. त्याचं घर फोडून आपण चकती केली, आणि ती आपल्या काजात, आपल्या घरात आणून बसवली.

मी शाकाहारी आहे, आणि ही बटणं वर्षानुवर्षं लावत आले. फेकली असती तर तो जीव परत आला नसता. मी एवढंच केलं की त्यातलं एकही वाया जाऊ दिलं नाही. सदरा विरला की बटण काढून डब्यात, डब्यातून नव्या सदऱ्यावर. मुलींनाही तेच शिकवलं. ज्याचं घर घेतलं, त्याच्या वस्तूला निदान बेघर करू नये. अहिंसा पुरी साधत नाही, निदान माझ्याच्यानं साधली नाही. पण घेतलेल्याचं ऋण आठवत वापरणं साधतं.

त्यातलीच सहा बटणं अण्णांच्या शेवटच्या सदऱ्याला होती.

अण्णा गेले ते पहाटे, घरीच, झोपेत. शेवटच्या वर्षी त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, म्हणून सदरा त्यांनी बेतला आणि शिवला मी. वरून तिसरं बटण लावताना त्यांनी माझ्या हातातली काडी तपासली होती. सकाळी गल्लीतली माणसं जमली. अंघोळ घालायची तयारी झाली. तोवर हात ताठ झाले होते, बाह्या निघेनात. एकजण समंजसपणे म्हणाले, "ताई, कात्री द्या. कापून काढू, वेळ जातोय."

कात्री समोर भिंतीवर खिळ्याला लटकत होती. त्यांचीच.

मी म्हटलं, "दादा, थोडं थांबा. कात्री नको."

मी त्यांच्याजवळ बसले आणि आधी मनगटांवरची बटणं उघडली. मग गळ्याचं. दुसरं. तिसरं, त्याच्या मानेला माझं बोट लागलं. चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक बटण तिरकं झालं आणि आपल्या घरातून बाहेर आलं. छाती मोकळी झाल्यावर खांदे सैल झाले. मी एक बाही हळूहळू फिरवली, मग दुसरी. सदरा निघाला. एक टाका उसवला नव्हता. मग माणसांनी त्यांना नेलं, अंघोळ घातली, करदोडा तोडला, नवं पांढरं अखंड कापड आणलं. ज्यांनी जन्मभर प्रत्येकाचं माप घेतलं, ते मापाशिवायच्या कापडात गेले.

सदरा माझ्या मांडीवर होता, अजून त्यांच्या अंगासारखा. ते शिवणं वेगळं आणि आपलं शिवणं वेगळं, असं अण्णा म्हणाले होते. त्या सकाळी माझ्या बोटांना ते वेगळं लागलं नाही.